क्यूआर कुणाच्या खात्याचा?

मागच्या अंकात विचारलं होतं की मोबाईलवरून काही धंदा करताय का, आणि करत असाल तर त्यानं घरात, गल्लीत, गावात काही बदललं का. मागितली होती उत्तरं, आले प्रश्नच. निम्म्या लोकांनी तर लिहिलंच नाही, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं, कुणाच्या मागं गिरणी चालू, कुणाच्या मागं कोंबडा, एका ताईंनी तर मधेच "थांबा दूध उतू चाललं" म्हणून मेसेज तोडला आणि उरलेला दुसऱ्या दिवशी पाठवला. मी अंबाजोगाईकडं सहा वर्षं ऑनलाईन सेंटर चालवलं, आता घरून ज्वारीच्या पदार्थांच्या ऑर्डरी घेते, तेवढ्या भांडवलावर संपादकांनी मला या पानावर बसवलंय. त्यामुळं सीएसारखं किंवा वकिलासारखं उत्तर माझ्याकडून येणार नाही. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, गावंही तालुक्यावर भागवली, आणि प्रश्न इथं आखडून दिलेत.

प्रश्न : ताई, आमचा अकरा बायकांचा बचत गट आहे. आम्ही येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ), काळा मसाला, ज्वारीचे पापड करतोत. दिवाळीपासून माझ्या पुतण्यानं इन्स्टाग्रामवर पेज काढलं तर पुण्याहून ऑर्डरी यायल्यात, आता हैदराबादहून पण एक आली. पण क्यूआर माझ्या दिरांच्या खात्याचा आहे, पैसे तिकडं जमा होतेत. ते महिन्याला हिशोब देतेत पण तोंडी देतेत. बाकीच्या बायका काही बोलत नाहीत, नुसत्या माझ्याकडं बघतेत. घरातली गोष्ट आहे, दिरांना कसं बोलू? पेजवर "फ्री डिलिव्हरी" लिहिलंय, आणि फूड लायसन्स लागतं का तेही सांगा. (कळंब तालुका)

उत्तर : ताई, तुमचा मेसेज मी तीनदा ऐकला. दीर पैसे खातात असं तुम्ही कुठंच म्हणाला नाहीत, मीही म्हणत नाही. पण बायका नुसत्या बघतेत हे जे तुम्ही सांगितलं ना, ते जास्त दिवस नुसतं बघणं राहत नसतं बघा.

आणि पैसा कुठं जातो हा अर्धाच प्रश्न आहे. माल तुमचा, भाजून भाजून धूर तुमच्या डोळ्यात, आणि बँकेच्या कागदावर धंदा करणारा माणूस कोण तर दीर. उद्या गटाला मिरची कांडपाचं मशीन घ्यायचंय म्हणून बँकेत गेलात तर साहेब पहिलं म्हणणार खात्यावर उलाढाल दाखवा. गटाच्या खात्यावर काय दिसणार, महिन्याची शंभर-शंभर बचत आणि जुन्या कर्जाचे हप्ते. पुण्याच्या सगळ्या ऑर्डरी दिसणार दिरांच्या स्टेटमेंटमध्ये. म्हणजे तुमच्या येसरवर कर्ज मिळण्याची पत त्यांची वाढली, त्यांनी मागितली नव्हती तरी वाढली. डिजिटल धंद्यानं बायांचं जगणं बदलतं असं भाषणात ऐकतो आपण, बदलतं पण ते, कागद बाईच्या नावानं तयार होत असला तर.

आता बोलायचं कसं. रागानं नाही, आणि "आमच्या पैशाचा हिशोब द्या" असं तर मुळीच नाही. सरळ खरी गोष्ट सांगा, की भाऊजी, अकरा जणींच्या मालाचा पैसा तुमच्या खात्यावर यायलाय, उद्या इन्कम टॅक्सवाल्यांनी विचारलं एवढे पैसे कुठून आले तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, आमच्यामुळं तुमच्यावर बालंट नको. हे खोटं नाही, खात्यावर आलेला पैसा खातेदाराचाच धरला जातो आणि आपला नाही हे त्यालाच दाखवावं लागतं. माझ्या ओळखीत दोन ठिकाणी हे वाक्य चाललंय, माणसाचा मानही राहतो आणि क्यूआरही बदलतो.

गटाच्या खात्याची एक अडचण आधीच सांगते, नाहीतर बँकेतून हात हलवत याल. गटाचं खातं अध्यक्ष आणि सचिव अशा दोघींच्या सहीनं चालतं, त्यामुळं त्याच्यावर आपल्या मोबाईलमधलं साधं यूपीआय ॲप बसत नाही. म्हणून शाखेत जाऊन दुकानदाराला देतात तसा क्यूआर गटाच्या नावानं मिळेल का असं विचारा, त्यात पैसा फक्त येतो, काढायला दोन सह्या लागतातच, आणि ते उलट बरंच आहे. जाताना गटाचा ठराव लिहून न्या. एका खेपेत काम होईल असं समजू नका.

दुसरी चावी म्हणजे पेज. पुतण्या हुशार आहे, त्याचं कौतुकच, पण तो उद्या हिंजवडीला नोकरीला लागला की पेज त्याच्या खिशात जाईल, तीन हजार लोक जोडलेले असले तरी. गटाच्या नावानं एक सिम घ्या, तो नंबर आणि एक ईमेल पेजला जोडा, पासवर्ड दोघींना पाठ पाहिजे. आणि पोराला फुकट राबवू नका हो. घरचा आहे म्हणून चहावर भागवलं तर त्यालाही वाटणार की पेज माझंच. ऑर्डरमागं दहा रुपये द्या, वहीत लिहून द्या.

आता हिशोब. तुमच्या पेजवर "फ्री डिलिव्हरी" लिहिलंय म्हणालात, तिथं माझ्या पोटात गोळा आला. समजा अर्धा किलो येसर २०० ला विकताय. बाजरी, गहू, डाळ, धने, मिरची, खडा मसाला मिळून माल ७० चा. सरपण आणि दळण १५. पिशवी आणि लेबल १२. हाताची मजुरी ३०, ही धरतच नाही कुणी, धरा. झाले १२७. उरले ७३. कुरिअर ६० चं, राहिले १३. पुतण्याचे दहा दिले की तीन रुपये. तीन रुपयांसाठी अकरा बाया दिवसभर भाजायल्यात. तुमचे आकडे वेगळे असतील पण असा कागद एकदा मांडा आणि मग ठरवा, दोन किलोच्या खाली पाठवायचं नाही की कुरिअर वेगळं लावायचं.

फूड लायसन्सचं विचारलंत. छोट्या घरगुती उत्पादकाला एफएसएसएआय या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं साधं रजिस्ट्रेशन लागतं, सरकारी फी वर्षाला १०० रुपये, चौदा आकडी नंबर येतो तो पाकिटावर छापायचा. सोबत वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, कुणी आणि कुठं बनवलं, तक्रारीसाठी नंबर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, तर फुकट आहे, १ जुलै २०२० पासून सुरू झाली, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर समजा तुम्ही चुकीच्या वेबसाईटवर आहात किंवा चुकीच्या माणसाकडं. जीएसटीचं एवढं लक्षात ठेवा की माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण ही सूट राज्याच्या आतल्या विक्रीला. मसाल्याचं पार्सल हैदराबादला गेलं की ते राज्याबाहेर गेलं, मग नोंदणी लागते. आपल्याला हैदराबाद पुण्याएवढंच जवळ वाटतं, जीएसटीला वाटत नाही! तेव्हा ती दुसरी ऑर्डर घेण्याआधी एखाद्या कर सल्लागाराला भेटा. मोठ्या कंपनीच्या ॲपवर विकायचं असेल तर पूर्वी पहिल्या रुपयापासून जीएसटी नंबर लागायचा, १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आतच विकणाऱ्या छोट्यांना नुसत्या एनरोलमेंट नंबरवर चालतं.

मशीनसाठी तालुका कृषी कार्यालयात प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेचं विचारा. २०२० ला सुरू झालेली योजना आहे, बँकेच्या कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आणि गटातल्या अन्न प्रक्रिया करणाऱ्या बाईमागं ४० हजार बीज भांडवलाची तरतूद. आत्ता अर्ज घेतायत का ते तिथंच कळेल. आणि तिथंही पहिलं काय मागतील, खात्याचं स्टेटमेंट.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे. आई-वडील दहा वर्षं कोल्हापूरकडं ऊसतोडीला जात होते. मला ऊसतोड कामगारांसाठी ॲप बनवायचं आहे ज्यात उचल (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे), वजन, फड (तोडणी चालू असलेलं उसाचं रान) सगळा हिशोब राहील. हे सोशल चेंज करणारं स्टार्टअप होऊ शकतं असं मला वाटतं. इन्व्हेस्टर कसा शोधू? (धारूर तालुका)

उत्तर : दादा, इन्व्हेस्टरचं राहू द्या थोडं बाजूला. तुमच्या पत्रात "स्टार्टअप" पाच वेळा आलंय आणि आईचा उल्लेख एकदाच, तोही वडलांना जोडून. मला वाटतं तुमचा सगळा धंदा आईपाशी आहे, तिला विचारा.

काय विचारायचं ते सांगते. दिवाळीनंतर गाडी निघायची तेव्हा उचल किती ठरली होती हे तिला माहीत होतं का. कोयता म्हणजे जोडी, नवरा तोडतो बायको मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते, पहाटे स्वयंपाक करून जाते, पण उचल कुणाच्या हातात पडते आणि मजूर जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव कुणाचं असतं. तुम्ही ॲपमध्ये "कामगाराचं नाव" म्हणून एकच रकाना केला असणार. मी न बघता सांगते, एकच असणार. तिथं दोन रकाने करा, दोघांची नावं, दोघांचे अंगठे. ॲपनं सोशल चेंज होईल का ते पुढचं पुढं, तेवढ्या एका रकान्यानं तुमच्या वस्तीत भांडणं मात्र नक्की होतील, आणि काहीतरी हललं तर ते तिथंच हलेल.

आता अडचणी. तोडणीचा दर टनावर असतो. २०२४ च्या जानेवारीत त्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, पेपरात सगळ्यांनी वाचलं. पण टन किती झाले हे सांगणारी वजनाची पावती कारखान्याच्या काट्यावर निघते आणि तोडणाऱ्याच्या हातात ती फार कमी वेळा येते, गाडीवाल्याकडं नाहीतर मुकादमाकडं जाते. मग तुमच्या ॲपमध्ये वजन भरणार कोण? हा प्रश्न सुटला नाही तर ॲप कितीही भारी असो, रिकाम्या रांजणासारखं. दुसरं, फडात रेंज नसते आणि जोडीत फोन एक, तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होणारा. तिसरं, वाचायला न येणारी माणसं खूप आहेत पण बोलून मेसेज पाठवणं सगळ्यांना जमतं, आमच्या या पानाचीच गोष्ट बघा ना.

आणि पैसे कोण देणार? तोडकरी देणार नाही, त्याच्याकडं नाही. कारखाना देईल, पण मग ॲप कारखान्याचं होईल, कामगाराचं राहणार नाही. मुकादमाला सगळे शिव्या देतात, पण बऱ्याच ठिकाणी तोही कालचा तोडकरीच असतो, उचल घेऊन एखादी जोडी पळाली की कारखान्याचे पैसे त्याच्या उरावर बसतात. चोख हिशोब त्यालाही पाहिजे असू शकतो. सगळ्यांना नाही, एखाद्या शहाण्याला. तो शोधा, इन्व्हेस्टरच्या आधी तो शोधा.

माझं ऐकाल तर या हंगामात ॲप बनवूच नका. आपल्या वस्तीतले पाच कोयते घ्या. प्रत्येक जोडीतल्या बाईला सांगा की रोज रात्री एक मेसेज बोलून टाक, आज किती गाड्या भरल्या आणि आज किती पैसे उचलले, बस. पावती हाताला लागली तर तिचा फोटो. तुम्ही इथं बसून वहीत नाहीतर एक्सेलमध्ये उतरवा. एप्रिलमध्ये माणसं परत आली की मुकादमाच्या वहीशी ताळा करा. फरक निघाला तर तो किती निघाला, तेच तुमचं भांडवल. नाही निघाला तर तेही कळालं, दोन वर्षं वाचली. माणसांचं आधार, बँक पासबुक यांचे फोटो मात्र गोळा करत बसू नका, लागत नाहीत, आणि २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदा झालाय, दुसऱ्याची कागदं सांभाळायची जबाबदारी आपल्यावर येते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्याच्याकडं नोंदणीला मदत करता आली तर ते एक काम ॲपशिवायही होतं.

किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३ च्या, आपल्याकडं घरं बांधायचा मोठा कार्यक्रम झाला तेव्हा गावोगावच्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. सरकार काय देतंय ते लोकांना सांगायचं आणि लोक काय म्हणतायत ते सरकारला सांगायचं, एवढंच काम. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्या बायांना धरून पुढं लातूर-उस्मानाबादकडं बचत गट, शेती, छोटे धंदे असं वाढवत नेलं. ॲप सोडा, त्या वेळी गावात फोन कुठं होता धड. तुमचा पहिला कामगार म्हणून गावातली एखादी बोलकी बाई नेमा. कोडिंगवाला पोरगा नंतर मिळतो, लातूरला ढिगानं आहेत.

प्रश्न : माझं गावात ऑनलाईन सेंटर आहे. लाडकी बहीण, पीएम किसान, सातबारा, पीक विमा सगळं करतो. लोक तोंडावर भाऊ म्हणतात आणि पाठीमागं दलाल. मी स्वतःला उद्योजक समजायचं की काय समजायचं? (सेनगाव तालुका)

उत्तर : भाऊ, मलाही म्हणायचे. बाईमाणूस म्हणून दलाल म्हणत नव्हते, "ती पैसे घेणारी" म्हणायचे, अर्थ तोच.

यात निम्मी चूक लोकांची आणि निम्मी आपली. आपली अशी, की सरकारी फी किती आणि आपली मजुरी किती हे आपण वेगळं सांगत नाही. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन १५ रुपयाला निघतो, माणसाला कुणीतरी ते सांगतं, आणि आपण पन्नास घेतले की तो म्हणतो पस्तीस खाल्ले. खाल्ले नाहीत, लाईट, नेट, प्रिंटर, दोन वेळा बंद पडलेलं सर्व्हर आणि तुमचे चाळीस मिनिटं आहेत त्यात. पण ते लिहा ना भिंतीवर. आपले सरकार केंद्राचे दर तर ठरवून दिलेले असतात, ते लावणं बंधनकारकच आहे. बाकी कामांचा दर दोन ओळीत लिहायचा, सरकारी अमुक, माझी मजुरी तमुक. मी लावला तेव्हा पहिले आठ दिवस लोक वाचून घासाघीस करायचे, नंतर बंद झाले. आणि पावती द्या, मागितली नाही तरी.

त्याच बोर्डावर लोकसेवा हक्क कायद्याचं लिहा. २०१५ चा कायदा आहे, दाखला ठरलेल्या दिवसांत मिळाला नाही तर अपील करता येतं आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० पासून ५००० पर्यंत दंड आहे. अपील भरून देणारं सेंटर आणि नुसता फॉर्म भरून देणारं सेंटर, या दोघांत लोक फरक करतात. दलाल माणूस अपील भरून देत नसतो.

आता माझी चूक सांगते, तुमच्या हातून होऊ नये म्हणून. माझ्याकडं फॉर्म भरायला बाया यायच्या, त्यांच्याकडं स्वतःचा नंबर नसायचा. नवरा शेतात, फोन नवऱ्याकडं, ओटीपी येणार तिकडं, तो उचलणार नाही. मग मी काय करायची, माझाच नंबर टाकायची. काम लवकर व्हायचं, बाया खूश, मी पण खूश. असे किती फॉर्म झाले मोजलेच नाहीत. मग मी सेंटर बंद केलं, आणि तेव्हापासून माझ्या फोनवर परक्या बायांचे मेसेज यायला लागले. कुणाचा हप्ता जमा, कुणाचा अर्ज त्रुटीत, कुणाला सात दिवसांत कागद जोडा. त्या बाईला पत्ताच नाही, आणि मला ती कोण तेही आठवत नाही, नावावरून गावभर विचारत फिरायचं. एक म्हातारी आजी होत्या, त्यांचा त्रुटीचा मेसेज माझ्याकडं पडून राहिला, मी लग्नाच्या गडबडीत होते, मुदत गेली. त्यांनी मला एक शब्द म्हणला नाही. भेटल्या की अजूनही "बरी हायस का माय" म्हणून विचारतात, आणि मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नाही.

लाडकी बहीणच्या केवायसीला तर बाईच्या आधारचा ओटीपी, वर नवऱ्याच्या नाहीतर वडलांच्या आधारचा ओटीपी असं मागितलं, तेव्हा विधवा आणि टाकलेल्या बायांची काय धांदल उडाली ती तुम्ही सेंटरवर बसून बघितलीच असेल. तेव्हा भाऊ, तुम्हाला खरंच उद्योजक व्हायचं असेल तर एक काम सुरू करा. ज्या बाईच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर नाही तिला आधी तिथं न्या, आधार केंद्रावर नंबर बदलायला कागद लागत नाही, अंगठा लागतो. आणि तिचा डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा कुठल्या खात्याला जोडलेला आहे ते बघून द्या, दहा वर्षांपूर्वी कुणीतरी काढलेल्या, पासबुक हरवलेल्या खात्यात पैसे पडून आहेत अशा बाया गावोगाव निघतात. याचे वीस रुपये जास्त घ्या, खुशाल घ्या.

प्रश्न : आमचा मुलगा दिवसभर शेतीचे व्हिडिओ काढतो, बांधावर उभं राहून बोलतो. सोयाबीनला पाणी द्यायला सांगितलं तर पाण्याचाच व्हिडिओ काढतो. याला काम म्हणावं का? मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. (औसा तालुका)

उत्तर : गुरुजी, हसू आलं म्हणून माफ करा. पैशाचं सांगते, यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास लोकांनी बघितलेलं लागतं, म्हणजे सुरुवातीला बरेच दिवस बिनपगारी. पगार मोजत बसण्यापेक्षा तो बोलतो काय ते एकदा ऐका. बऱ्याच पोरांचं कसंय, औषध कंपनीनं दिलेलं वाचून दाखवतात, अमुक फवारा, तमुक टाका, आणि बघणारा ऐकतो कारण बोलणारा आपल्यासारखं बोलतो. तसं असेल तर कान धरा, तुमचा हक्क आहे.

पण तुमच्यासारखा बाप मागं असेल तर उलटं करून घेता येतं. मे महिन्यात त्याला एवढंच दाखवू द्या : घरचं सोयाबीन बियाणं, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे रांगेत मांडायचे, गुंडाळी करायची, पाणी शिंपडत राहायचं, आठवड्यानं उघडून मोजायचं. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं, कमी असले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी असले तर पेरायचंच नाही. आणि जूनमध्ये शेजारी पेरायला निघाले की हा बांधावर उभं राहून म्हणू दे, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. दुबार पेरणी आपल्याकडं किती जणांना घेऊन बुडते ते तुम्हाला मी काय सांगावं. वर्गात साठ पोरं असायची तुमच्या, याच्यासमोर सहाशे आहेत. पाणी मात्र आधी द्यायला लावा, व्हिडिओ नंतर.

प्रश्न : मी पैठणी विणतो. माझ्या साडीचा फोटो चोरून कुणीतरी ऑनलाईन १५०० रुपयाला "ओरिजनल पैठणी" विकतोय. काय करावं? (पैठण)

उत्तर : दादा, तक्रार त्या ॲपवर करा, स्क्रीनशॉट जपून ठेवा, पण एकाला काढलं की दुसरा येतो हे तुम्हालाही माहीत आहे. पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याच्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात नोंदवता येतं, तुमच्याकडच्या किती विणकरांनी ते केलंय ते बघा, नसेल तर पाच-दहा जण मिळून करा. तक्रारीला मग वजन येतं.

आणि फोटो टाकायचं सोडून पदराची मागची बाजू दाखवा व्हिडिओत. हातमागावरचा पदर उलटा केला तरी मोर मोरच दिसतो, यंत्रमागाच्या साडीला मागं धाग्यांचं जंजाळ असतं. हे पुण्यातल्या नव्या गिऱ्हाईकाला कुणी सांगितलेलंच नाही. मागाचा खटखट आवाज, तुमचा हात, उलटा पदर, अर्धा मिनिट, बास. १५०० ला पैठणी शोधणारी बाई तुमचं गिऱ्हाईक नव्हतीच कधी, तिच्यामागं जीव जाळू नका.

प्रश्न : माझी बस स्टँडजवळ चहाची टपरी आहे. पैसे आले की ती पेटी मोठ्यानं बोलती, दहा रुपये मिळाले, वीस रुपये मिळाले. क्यूआर माझ्याच नावचा आहे. पण घर टपरीला लागून आहे, सासूबाई आतून ऐकून ऐकून गल्ला मोजत्यात आणि संध्याकाळी नवरा बरोबर तेवढेच मागतो. पूर्वी नोटा होत्या तर दोनशे तरी माझे राहायचे. (सेलू तालुका)

उत्तर : ताई, मी इथं एवढी पानं भरून सांगत बसलेय की क्यूआर बाईच्या नावचा करा, बाईच्या नावचा करा, आणि तुमचा मेसेज आला. मला हे सुचलंच नव्हतं, खरं सांगते.

पेटीला बाजूला आवाजाचं बटण असतं, कमी करा. पण बंद करू नका हं, बंद असली की गिऱ्हाईक जुना स्क्रीनशॉट दाखवून निघून जातं, आमच्या चौकातल्या वडापाववाल्याला तसंच दोनदा गंडवलं. आणि पैसे घ्यायला पिन लागत नसतो, फक्त द्यायला लागतो, कुणी "पैसे पाठवायचेत, पिन टाका" म्हणालं तर फोन ठेवा, पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लावा.

दोनशेचं असं करा, पोस्टात आरडी, म्हणजे दरमहा हप्त्यानं भरायची ठेव उघडा, महिन्याला शंभरापासून होते, पाच वर्षांची असते. टपरीच्या खात्यातून तो हप्ता महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच जाऊ द्या, पासबुक माहेरी ठेवा. नवऱ्यानं विचारलं तर दूधवाल्याचं बिल म्हणा नाहीतर खरं सांगा, ते तुमचं तुम्ही बघा, माणूस कसा आहे ते मला इथून कळत नाही. मारहाण वगैरे करत असेल तर मेसेजमध्ये बोलला नाहीत, तसं असेल तर दुपारी टपरीवर गर्दी नसते तेव्हा मला फोन करा, नंबर अंकाच्या ऑफिसातून मिळेल.